हजेरीचं रजिस्टर

प्रिय बाळा,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुझा मेसेज मी तीनदा वाचला. फोनवर उत्तर लिहिता आलं असतं, पण तू विचारलंयस ते दोन ओळींत उरकण्यासारखं नाही, म्हणून कागद घेऊन बसले. तू लिहिलंयस, "टीचर, मला देव नकोसा झालेला नाही, चर्च नकोसं झालंय. पाळकांचे संदेश यूट्यूबवर याहून चांगले ऐकायला मिळतात, प्रार्थना मी माझ्या खोलीत करते. मग दर रविवारी जाऊन कमिटीची भांडणं का बघायची?"

संदेश तिथे चांगले मिळतात, हे खरं आहे. भांडणं होतात, हेही खरं. गेल्या वार्षिक सभेत जो आरडाओरडा झाला तो तुझ्यासमोर झाला आणि मला फार वाईट वाटलं. त्या दोन्ही बाबतींत मी तुझ्याशी वाद घालणार नाही. पण मंडळी, तू जिला चर्च म्हणतेस ती, असते कशासाठी, हे मला स्वतःलाच फार उशिरा कळलं. कसं कळलं ते तुमच्या वर्गात मी कधी बोलले नाही. आज तुला सांगते.

तीसेक वर्षं झाली असतील. संडेस्कूलचं रजिस्टर तेव्हाही माझ्याकडेच होतं, निळ्या पुठ्ठ्याचं. वर्षभर एकही रविवार न चुकवणाऱ्या मुलाला नाताळात बक्षीस मिळायचं, कंपासपेटी. वर्गात दहाएक वर्षांचा एक मुलगा होता. सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी अंथरायचा, शेवटी घडी घालून ठेवायचा. पावसाळा संपता संपता तो यायचा थांबला. मी त्याच्या नावापुढे 'गै' लिहिलं. पुढच्या रविवारी पुन्हा 'गै'. असे सात रविवार मी सुवाच्य अक्षरात 'गै' लिहीत गेले. मनात एवढंच आलं की याची कंपासपेटी हुकली.

आठव्या रविवारी महिला संघातल्या एका आजींकडून कळलं. त्याच्या वडिलांची इथली, नाशिकच्या अंबडमधली कंपनी बंद पडून चार महिने झाले होते. नाताळच्या वर्गणीवरून त्याच्या आईला कुणीतरी चारचौघांत बोललं होतं. अर्पणाच्या थैलीत रिकामा हात घालायची लाज वाटते म्हणून तिने येणं सोडलं, आणि मुलांनाही पाठवेना. खोलीचं भाडं थकलं तेव्हा ते कुटुंब गावाकडे निघून गेलं. त्यांची खोली माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर होती. भाजीला जाताना मी त्याच गल्लीच्या तोंडावरून जात होते. साठ कुटुंबांची आमची मंडळी, आणि एकाही घरातून कुणी त्यांच्या दाराशी गेलं नाही. मीही नाही. पुढे गावचा पत्ता काढून मी गेले, तर ते तिथूनही हलले होते.

त्या वर्षी बक्षिसं वाटताना माझे हात थरथरत होते. रजिस्टर कशासाठी असतं ते मला त्या दिवशी समजलं. कोण आलं हे मोजायला नव्हे, कोण आलं नाही हे कळावं आणि उठून त्याच्या घरी जाता यावं म्हणून ते असतं.

आता शब्दाकडे बघ. नव्या करारात जो ग्रीक शब्द आहे, 'एक्लेसिया', त्याचा अर्थ बोलावून एकत्र आणलेली माणसं. इमारतीशी त्याचा काही संबंध नाही. आपल्या शास्त्रात त्यासाठी 'मंडळी' शब्द आला आणि मला तो फार आवडतो. घरची मंडळी, पंगतीला बसलेली मंडळी, अंगणात गप्पा मारणारी मंडळी. मराठीत मंडळी म्हटलं की डोळ्यांसमोर माणसंच येतात. तू 'चर्चला जाणं सोडलं' असं लिहिलंस. तेच 'मंडळी सोडली' असं लिहून बघ, हात जरा अडखळेल.

भांडणांचं म्हणशील तर ती पहिल्या मंडळीपासून आहेत. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढ. यरुशलेमेत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं, आणि त्यावरून कुरकुर सुरू झाली. लक्षात घे, तक्रार जेवणाची होती, आणि तक्रार खरी होती. प्रेषितांनी ती दडपली नाही. त्यांनी लोकांनाच सांगितलं, तुमच्यातले सात जण निवडा. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांच्या बायाबापड्यांवर अन्याय झाला त्यांच्याच बाजूच्या लोकांच्या हातात वाटप दिलं, असं मला ती नावं वाचताना दर वेळी वाटतं. आपली कमिटी, खजिनदार, सेक्रेटरी, सगळ्यांचं मूळ तिथे आहे, विधवेच्या ताटात भाकरी पडते की नाही हे बघण्यात. कमिटी ते विसरली की खुर्चीसाठी भांडते. करिंथात तर प्रभुभोजनातच, येशूच्या आठवणीत एकत्र भाकर घेण्याच्या विधीतच, गोंधळ होता. खाऊनपिऊन सुखी असलेले आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. प्रेषित पौलाने त्यांना फार कडक शब्दांत झापलं, पण तुमची मंडळी बरखास्त करा असं लिहिलं नाही.

तू शरणपूर रोडवरून रोज ऑफिसला जातेस. त्या नावाकडे कधी थांबून पाहिलंस का? १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने, विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या पुढाकाराने, नाशिकच्या बाहेर एक ख्रिस्ती गाव वसवलं. शरण आलेल्यांचं गाव, म्हणून शरणपूर. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबतं इंग्रज आरमार पकडायचं. त्यांतून सुटलेली आफ्रिकेची पोरं मुंबईला उतरायची, आणि त्यांतली कितीतरी इथे, आपल्या नाशकात आणली जायची. इथे ती लिहावाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली.

त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७२ मध्ये तो आणखी काही 'नाशिक बॉइज'बरोबर, म्हणजे नाशकात वाढलेल्या अशाच पोरांबरोबर, आफ्रिकेत मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या मदतीला गेला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारले. सोबत्यांनी त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. त्या वेळी दफनाची उपासना वाचली ती जेकबने, आणि झाडाच्या खोडावर नाव कोरलं तेही त्यानेच. मग हजार मैलांहून जास्त अंतर पायी तुडवत ते सगळे तो देह किनाऱ्यापर्यंत घेऊन आले. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं तेव्हा शवपेटीशी चालणाऱ्यांत जेकब होता. त्याच सुमारास प्राइस मोंबासाजवळ मुक्त गुलामांची फ्रियर टाउन ही वस्ती उभारायला गेले. तिच्या कामात नाशकात वाढलेले आफ्रिकी लोक होते.

ही गोष्ट मी मुलांना सांगते तेव्हा एक बाजू लपवत नाही. त्या पोरांना आसरा मिळाला, पण त्यांची आईबापांनी ठेवलेली नावं गेली आणि इंग्रजी नावं आली. जेकबला त्याची आई कोणत्या नावाने हाक मारायची, ते मला कुठे वाचायला मिळालं नाही. आसरा देणाऱ्याच्या हातूनही असं काही हिरावलं जातं. तरी ज्याचं जगात कुणी उरलं नव्हतं त्याला चार माणसं मिळाली, ती या मातीत मिळाली, हेही तितकंच खरं आहे.

जातीबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण ती मला जास्त लागली. "चर्चमध्ये सगळे भाऊबहीण, आणि लग्न जुळवताना मूळ गाव आणि आडनाव का विचारतात?" बाळा, याला माझ्याकडे सबब नाही. आपले आजेपणजे बहुतेक महारवाड्यातून, मांगवाड्यातून आले. ते ताठ मानेने उभं राहायला आले होते. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, म्हणजे सरकारच्या कागदावर आपली जात गेली. शेजाऱ्याच्या मनातून ती गेली नाही आणि आपल्याही मनातून पुरती गेलेली नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं आठव. नाशिकजवळच्या जलालपूरची ही मुलगी, सोवळ्याओवळ्याच्या कडक घरात वाढलेली. नवरा, रेव्हरंड नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, आणि ही बाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळी राहिली. १९०० मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला, पण त्याआधी तिच्या मनातला विटाळ गेला होता. देवाने माणसं केली, जाती माणसांनी केल्या, हे तिला स्वतःला उमगलं आणि मग ती कुणाच्याही हातचं खाऊ लागली. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी ताट एक झालं, नाव नंतर बदललं. आपल्याकडे कितीतरी घरांत नाव बदलून चार पिढ्या झाल्या आणि ताट अजून वेगळं आहे. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये याच नाशकात वारल्या. तुझ्या लग्नाच्या वेळी कुणी आडनाव काढलं तर मला बोलाव. मी येईन आणि बोलेन.

ख्रिस्ती पंथांच्या ऐक्याबद्दल फार लिहीत नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि आता सगळे ख्रिस्ती एक होणार असं मला खरंच वाटलं होतं. तसं झालं नाही. पण आमच्या घरी वडिलांच्या आजारपणात त्र्यंबक नाक्याकडच्या कॅथलिक फादरांनी येऊन प्रार्थना केली होती आणि नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला माझी आई दर वर्षी जायची. तेवढं ऐक्य मी पाहिलंय.

आता फोनवरच्या उपासनेबद्दल. मार्च २०२० नंतर आपण सगळे फोनवरच होतो. मी स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून उपासना ऐकायची, आणि तेव्हा तेवढाच आधार होता. पण प्रभुभोजन नव्हतं. ती भाकर आपण आपल्या हाताने उचलून घेत नाही, कुणीतरी आपल्या ओंजळीत ठेवतं. आणि वेदीसमोरच्या कठड्यापाशी गुडघे टेकताना शेजारी कोण यावं हे आपल्याला निवडता येत नाही. एका घराशी माझं सहा वर्षं बोलणं नव्हतं, कारण सांगण्याइतकं मोठंही नव्हतं. एका रविवारी त्या बाई माझ्या उजव्या हाताला गुडघे टेकून बसल्या. त्यांचा गुडघा दुखायचा, त्यांना उठता येईना. मी हात दिला. त्यानंतर आम्ही बोलायला लागलो. मी घरी फोनसमोर बसले असते तर ती सहा वर्षं सोळा झाली असती.

आणि एप्रिल २०२१. त्या महिन्यात नाशिकची काय दशा होती ते तुला आठवतच असेल. घरातली माणसंसुद्धा मयताजवळ जाऊ शकत नव्हती. आपल्या मंडळीतली चार मुलं पीपीई किट घालून कबरस्तानात उभी राहायची, खड्डा खणायची, माती द्यायची. त्यांतल्या दोघांना तू चांगली ओळखतेस. एक तर वार्षिक सभेत सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता. तो ओरडला ते चूकच. पण ते दोन महिने त्याने जे केलं तेही मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्याच्याबद्दल मत बनवताना मला दोन्ही धरावं लागतं.

तू यावंस असं मला वाटतं, ते बाकड्यांची संख्या वाढावी म्हणून नाही. आलीस तर शेवटच्या बाकावर बसून आशीर्वचन झाल्या झाल्या स्कूटी काढू नकोस. चहाला थांब. कुणाचं ऑपरेशन आहे, कुणाची नोकरी गेली, कुणाची सून माहेरी गेली, हे त्या चहाच्या वेळी कळतं, वेदीवरून कळत नाही. वार्षिक सभेला हिशेबाची प्रत मागून घे आणि वाच. तू कॉमर्सची आहेस, तुला आकडे कळतात. गरिबांच्या मदतीच्या खात्यावर किती खर्च झाला आणि रंगरंगोटीवर किती, हे शांतपणे उभी राहून विचार. लोक नाराज होतील. यरुशलेमेतही झाले असतील. पुण्याला बदली झालीच तर पाळकसाहेबांकडून सभासदत्वाचं पत्र घेऊन जा आणि तिथल्या मंडळीत पहिल्याच महिन्यात दे. नाहीतर तू दोन्हीकडे पाहुणीच राहशील.

आणि थकलीस तर तसं सांग. मलाही थकवा आला होता, दोनदा. दोन्ही वेळा कुणीतरी घरी येऊन बसलं. फार काही बोललं नाही, मेथी निवडायला मदत केली.

माझे गुडघे आता जिने चढू देत नाहीत, म्हणून या नाताळनंतर संडेस्कूलचं रजिस्टर मी दुसऱ्या कुणाच्या हाती देणार आहे. मी कमिटीला तुझं नाव सुचवलेलं नाही, आधी तुला विचारते आहे. बक्षिसाची पद्धत मी त्याच वर्षी बंद केली. पहिल्या पानावर नावं आहेत. मागच्या पानांवर पत्ते आहेत, आणि प्रत्येक पत्त्यापुढे कोण कधी भेटून आलं त्याची तारीख.

दुसरीतली एक मुलगी सलग दोन रविवार आलेली नाही. सातपूरला राहते, तिसऱ्या मजल्यावर. शनिवारी पाच वाजता माझ्याकडे ये, आपण दोघी जाऊ. मी खाली थांबेन, वर तू जा.

तुझी,
संडेस्कूलची टीचर