ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) प्रकल्पात डिझाइनचे निर्णय मतदानाने घ्यावेत का?

शक्यतो नाही. मत द्यायला एक क्षण पुरतो, पण त्यातून येणारा कोड पुढची दहा वर्षं सांभाळायचा असतो. तो सांभाळणाऱ्या दोघांचं आणि कधीतरी डोकावणाऱ्या वीसजणांचं मत सारखंच मोजलं, तर डिझाइन बिघडतं.

अनेक ओपन सोर्स प्रकल्प चालवणाऱ्या अपाचे फाउंडेशन या संस्थेची पद्धत मला फार पटते. तिथे कोडमधल्या बदलाला प्रकल्पाच्या समितीतल्या एकाने जरी उणे एक (म्हणजे नकाराचं मत) दिलं, तरी बदल थांबतो. मात्र नकारामागे तांत्रिक कारण द्यावंच लागतं, नाहीतर तो नकार ग्राह्य धरत नाहीत. म्हणजे मोजली जातात ती डोकी नव्हे, तर कारणं. नवी आवृत्ती काढायची की नाही, हे मात्र तिथे बहुमतावर ठरतं.

मतदानाने वाद मिटतोच असंही नाही. सिस्टमडी (संगणक सुरू होताना बाकीच्या सेवा सुरू करणारी प्रणाली) घ्यायचं की नाही, यावर डेबियन या लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टमच्या तांत्रिक समितीत २०१४ मध्ये मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने निकाल लागला. तरी त्याच वर्षी आणि पुन्हा २०१९ मध्ये सगळ्या सदस्यांचं मतदान घ्यावं लागलं.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पाने २०१९ पासून वेगळी वाट धरली: मतदानाने पाच जणांची सुकाणू समिती निवडायची आणि भाषेतल्या बदलांचा अंतिम निर्णय तिच्यावर सोपवायचा. तुमचा प्रकल्प मोठा असेल तर हेच करा. लहान असेल तर वादातल्या दोन्ही पर्यायांचे नमुने लिहून, चालवून बघा; बरेच वाद तिथेच संपतात.