डाग न धरणारी कुत्र्याची गादी: कापडावर नेमकं काय मारलेलं असतं?

तुमचा प्रश्न असा: दहा महिन्यांच्या लॅब्रॅडॉरसाठी 'स्टेन-रेझिस्टंट' गादी घ्यायची आहे, पण तो कोपरे चावतो आणि पंजे चाटत तासन्‌तास गादीवर पडून असतो. ते कोटिंग त्याला बाधेल का? की साधी गादी घेऊन घरीच डागरोधक स्प्रे मारावा?

स्प्रे मारू नका, हे आधी सांगतो. त्याची कारणं पुढे देतो. गादीचं उत्तर मात्र तिच्या कापडावर काय आहे यावर ठरतं, कारण 'स्टेन-रेझिस्टंट' या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

काही कापडांचा धागाच डाग धरत नाही. पॉलिप्रॉपिलीन किंवा सोल्यूशन-डाइड ॲक्रिलिक यांत रंग धागा बनतानाच मिसळलेला असतो, म्हणून वरचा डाग आत फारसा मुरत नाही. दुसऱ्या प्रकारात कापडावर मेण, सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनची फिनिश असते. तिच्यावरून पाणी आणि लघवी ओघळून जाते, तेल मात्र मुरतं. तिसरा प्रकार फ्लोरिनयुक्त फिनिशचा, म्हणजे पीएफएएस (कार्बन आणि फ्लोरिनच्या, सहजी न विघटणाऱ्या रसायनांचा गट). त्यात पाणीही मुरत नाही आणि तेलही. तुमची काळजी या तिसऱ्या प्रकारासाठी रास्त आहे.

यामागचं विज्ञान सोपं आहे आणि घरी उपयोगी पडतं. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंब एकत्र धरून ठेवणारी ओढ, साधारण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, खाद्यतेलाचा ३२च्या आसपास. पाणी अडवायला मेण किंवा सिलिकॉनही पुरतं. तेल अडवायला कापडाची पृष्ठऊर्जा (द्रवाला स्वतःकडे ओढण्याची ताकद, तीही याच एककात मोजतात) त्याहून बरीच कमी लागते, आणि २०च्या खाली कापडाला नेणारी फिनिश व्यवहारात फ्लोरिनचीच असते. म्हणून तेलाचा थेंब बरंच काही सांगून जातो.

गादीच्या खालच्या बाजूला शिवणीजवळ, जिथे कापड घासलं गेलेलं नाही अशी जागा निवडा. ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब ठेवा, चार बोटं सोडून शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलाचा एक थेंब ठेवा, आणि दोन मिनिटं हात लावू नका. पाणी मण्यासारखं उभं राहिलं आणि तेल पसरून काळपट ठिपका पडला, तर फिनिश बहुधा फ्लोरिनची नाही. तेलही मण्यासारखं उभं राहिलं आणि टिशूने टिपल्यावर मागे खूण उरली नाही, तर ती फ्लोरिनची आहे असं धरून चाला. ही चाचणी दोन ठिकाणी फसते. कापड धुतलेलं असेल आणि त्यात साबणाचा अंश राहिला असेल, तर फ्लोरिन असूनही तेल मुरतं. त्यामुळे धुतलेली खोळ दोनदा नुसत्या पाण्यातून काढून, पूर्ण वाळवून मगच तपासा. दुसरं म्हणजे रेक्झिनसारखं लेपाचं कापड: त्यात तेल मुरत नाही, पण ते चपटं पसरतं, मणी होत नाही. त्याला फ्लोरिन समजू नका.

'पीएफओए-फ्री' या शब्दावर मात्र विसंबू नका. पीएफओए आणि पीएफओएस ही पीएफएएस गटातली फक्त दोन रसायनं आहेत. थ्रीएम कंपनीने आपल्या स्कॉचगार्ड या डागरोधकामधलं पीएफओएसवर आधारलेलं रसायन बंद करण्याची घोषणा मे २००० मध्ये केली. पुढे घातक, न विघटणाऱ्या रसायनांवरच्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत २००९ साली पीएफओएस आणि २०१९ साली पीएफओए आलं. तेवढ्यात उद्योगाने आठ कार्बनच्या साखळीऐवजी सहा कार्बनची साखळी, म्हणजे 'सी-सिक्स', वापरायला सुरुवात केली होती. त्यामुळे 'पीएफओए-फ्री' लिहिलेल्या कापडावर सी-सिक्स फिनिश असू शकते, आणि तीही पीएफएएसच आहे. तिच्यातून सुटणाऱ्या पीएफएचएक्सए या रसायनावर युरोपीय संघाने २०२४ साली निर्बंध आणले आणि कपड्यांसाठी ते ऑक्टोबर २०२६ पासून लागू होतात. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून नव्या घरगुती कापडी वस्तूंमध्ये जाणूनबुजून पीएफएएस घालायला बंदी आहे. आपल्याकडे पीएफएएस हे नाव बऱ्याच जणांपर्यंत पोचलं ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामच्या बातम्यांमुळे: इटलीत व्हिचेन्झाजवळ भूजल दूषित करणाऱ्या मितेनी या बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रसामग्री तिथे आणली गेली.

आता कुत्र्याला किती धोका? कापडाला चिकटलेला पॉलिमर नुसत्या स्पर्शाने त्वचेतून फारसा आत जात नाही. आत जाते ती घासून सुटलेली धूळ आणि धाग्यांचा चुरा. कुत्रा दिवसाचा निम्मा वेळ त्याच कापडावर असतो, नाक जमिनीलगत असतं, अंगावर बसलेलं सगळं तो चाटून घेतो, आणि तुमचा तर चावतोही. अमेरिकेतल्या एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप या पर्यावरण संस्थेने २००८ साली २० कुत्र्यांची तपासणी केली, तेव्हा त्यांच्या रक्तात या गटातली रसायनं माणसांच्या सरासरीच्या २.४ पट निघाली. नमुना लहान होता, पण दिशा कळते. कुत्र्यांमध्ये या फिनिशमुळे अमुक आजार होतो असं अजून सिद्ध झालेलं नाही. माणसांत पीएफओए कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२३ साली जाहीर केलं आहे. एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: कुत्र्याच्या शरीरातलं पीएफओए निम्मं व्हायला एक ते तीन आठवडे लागतात, माणसाला दोन वर्षांहून जास्त. गादी बदलली तर कुत्र्याचं रक्त लवकर निवळतं. त्या गादीवर लोळणाऱ्या घरातल्या लहान मुलाला मात्र तेवढी सवलत नाही.

चावणाऱ्या कुत्र्याला तातडीचा धोका कोटिंगचा नसून फोमचा आणि चेनचा असतो. गिळलेला फोम किंवा चेनचा रनर आतड्यात अडकतो. उलट्या, जेवण सोडणं, शी न होणं, पोट धरून वाकणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, उद्यावर टाकू नका.

स्प्रेला नाही म्हणण्याचं कारण श्वास. डब्यातून निघणारे १० मायक्रॉनहून बारीक थेंब फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. तिथे जी पातळ ओली अस्तरं फुप्फुसातले फुगे उघडे ठेवतात, त्यांचं काम फ्लोरिन किंवा सिलिकॉनचं रेझिन बिघडवतं. २००२-०३च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्समध्ये असे जलरोधक स्प्रे वापरणाऱ्या अनेकांना तीव्र खोकला आणि धाप लागली होती. बंद खोलीत कुत्रा, मांजर, विशेषतः पाळीव पक्षी असेल तर त्याला हा धोका आपल्यापेक्षा जास्त. शिवाय हाताने मारलेला थर सगळीकडे सारखा बसत नाही, कारखान्यातल्यासारखा उष्णतेने पक्का होत नाही, आणि कुत्र्याच्या जिभेने सुटतो. म्हणजे खर्च करून तुम्ही उलट जास्त सुटणारं रसायन त्याच्या तोंडाशी नेता.

त्यापेक्षा डाग अडवायचे कसे, हे काम दोन थरांत वाटा. बाहेर काढता येणारी सुती कॅनव्हासची खोळ, ३५० ते ४०० जीएसएमची (दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाची), कोणतीही फिनिश नसलेली. आत फोमवर टीपीयू (लवचीक पॉलियुरेथेन) लेपाचं पातळ वॉटरप्रूफ कव्हर. पीव्हीसीचं नको, कारण ते मऊ ठेवायला थॅलेट हे बाधक रसायन वापरलेलं असू शकतं. घरी किंवा शिंप्याकडून शिवून घ्यायची असेल, तर १०० बाय ७५ सेंटिमीटर आणि १२ सेंटिमीटर जाडीच्या गादीला ५८ इंच पन्ह्याचं सव्वादोन मीटर कापड पुरतं. कापण्याआधी ते रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. कॅनव्हास पहिल्याच धुण्यात आटतो आणि मग खोळ गादीवर चढत नाही. चेन पोटाच्या बाजूला घ्या, वर चार सेंटिमीटरची पट्टी शिवा, आणि रनरचं लोंबतं टोक काढून टाका. दोन खोळी असाव्यात. पावसाळ्यात एक वाळायला दोन दिवस जातात, आणि दमट खोळ चढवली तर बुरशी धरते.

धुण्याचं थोडक्यात सांगतो. केस आधी ब्रशने काढा. लघवीच्या डागावर एन्झाइम क्लीनर ओतून वीस मिनिटं ओलं राहू द्या, मग कोमट पाणी आणि नेहमीच्या निम्मा बिनवासाचा डिटर्जंट, शेवटी दोनदा पाणी. फॅब्रिक सॉफ्टनर टाळा, चाटलं तर तोंडाची आग होते. फिनाइल गादीवर कधीच नको. लघवीवर ब्लीच ओतलं तर अमोनियाशी मिसळून श्वासाला बाधणारा वायू तयार होतो, त्यामुळे तेही नको.

घरात आधीच फ्लोरिनची गादी असेल तर घाबरून जाऊ नका. फोम चांगला असला तर खोळ तेवढी बदला. जुनी खोळ पुन:पुन्हा धुऊन फिनिश काढायच्या नादी लागू नका, ते पाण्यातून नाल्यात जातं. जाळू तर अजिबात नका, उघड्यावर जाळलं की हायड्रोजन फ्लोराइडसारखे वायू निघतात. पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्या.

आणि नवी घेताना विक्रेत्याला लेखी एकच विचारा: या कापडावर कोणत्याही प्रकारची फ्लोरिनयुक्त फिनिश आहे का, सी-सिक्ससुद्धा? 'नॉन-टॉक्सिक आहे', 'पेट-सेफ आहे' हे त्याचं उत्तर होत नाही. 'पीएफएएस-फ्री' असं स्पष्ट लिहून देत असेल, तर उत्तम; ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० (कापडातल्या घातक रसायनांची तपासणी) याचा प्रमाणपत्र क्रमांक देत असेल, तर तो क्रमांक ओएको-टेक्सच्या संकेतस्थळावर टाकून बघा, आणि ते प्रमाणपत्र नुसत्या धाग्याचं नसून तयार खोळीचं आहे ना तेही वाचा.