नाशिकच्या नवीन फ्लॅटमध्ये सोफ्यामागची भिंत रिकामी आहे, चित्र कसं निवडावं?

बहुतेक लोक आधी पडद्याचा रंग बघतात आणि मग त्याला जुळणारं चित्र शोधतात. माझ्या मते हे उलटं आहे. पडदे चार वर्षांत बदलतात, चित्र राहतं.

नाशिकमध्ये असाल तर गोदाघाटाची जलरंगातली चित्रं नक्की बघा. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांमुळे इथे निसर्गचित्रणाची चांगली परंपरा आहे. फक्त जलरंग कागदावर असतो आणि आपला पावसाळा दमट. त्यामुळे काच आणि कागद यांच्यात माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच, नाहीतर कागद काचेला चिकटतो, बुरशी धरते. थेट उन्हातही नको, रंग उडतात. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर तिथे लावूच नका.

वारली घ्यायची तर हाताने काढलेली घ्या. मूळची ती लग्नघरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखलेली. कुशनकव्हरवर छापलेली बघून मला तरी कंटाळा आलाय.

मापाचं म्हणाल तर सोफ्याच्या रुंदीच्या साधारण दोन तृतीयांश, आणि चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंमीवर. खिळा ठोकण्याआधी भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून अंदाज घ्या.