दहा लाख ऑब्जेक्ट आणि एक लॉगर

प्रिय,

तू रिव्ह्यूला पाठवलेला कोड काल रात्री निवांत वाचला. ऑर्डरमधल्या प्रत्येक ओळीसाठी जो क्लास लिहिलास, त्या जावा क्लासमध्ये लॉगर, म्हणजे लॉग लिहिणारा ऑब्जेक्ट, इन्स्टन्स व्हेरिएबल आहे, म्हणजे प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये त्याचं वेगळं फील्ड आहे. सर्व्हिस क्लासमध्ये तो तसा असता तर मी हरकत घेतली नसती, तिथे बहुधा एकच ऑब्जेक्ट असतो. इथे मात्र एका रिपोर्टसाठी दहा लाख ऑब्जेक्ट तयार होतात.

म्हणून लॉगरही दहा लाख होतात असं नाही. त्याच नावाचा लॉगर मागितला की लॉगबॅक ही आपली लॉगिंग लायब्ररी आधीचाच परत देते. वाढतात ते रेफरन्स, म्हणजे त्या लॉगरकडे बोट दाखवणारे दुवे. हॉटस्पॉट या जावा व्हर्च्युअल मशीनवर कॉम्प्रेस्ड पॉइंटर (आखूड केलेले रेफरन्स) चालू असतील तर रेफरन्स 4 बाइटचा, पण ऑब्जेक्टचा आकार 8 च्या पटीत जातो. 12 बाइटचं हेडर आणि एक इंट मिळून 16 होतात. त्यात लॉगर आला की 20, म्हणजे प्रत्यक्षात 24. दहा लाखांमागे 80 लाख बाइट वाढले. इंटच्या जागी लाँग असता तर 20 चे आधीच 24 झाले असते आणि लॉगर उरलेल्या जागेत फुकट बसला असता! तेव्हा अंदाजावर जाऊ नकोस, ऑब्जेक्टचा खरा आकार दाखवणारं जेओएल हे टूल चालवून बघ.

मला जास्त खुपतं ते दर ऑब्जेक्टमागे मॅपमध्ये तोच लॉगर शोधणं. लॉगर प्रायव्हेट स्टॅटिक फायनल, म्हणजे अख्ख्या क्लासचा मिळून एकच, केलास की हे काम क्लास लोड होऊन इनिशियलाइझ होताना एकदाच होतं. सिरियलायझेशनमध्येही, म्हणजे ऑब्जेक्ट बाइटमध्ये साठवताना, तो मधे येत नाही.

स्टॅटिक अडतो तो एकाच सर्व्हरवरच्या अनेक ॲप्लिकेशनमध्ये सामायिक असलेल्या जारमध्ये (जावा लायब्ररीच्या फाइलमध्ये). तिथे सगळ्यांना एकच लॉगर मिळतो आणि कोणाचा लॉग कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही. एसएलएफफोरजे (लॉगबॅक ज्याच्यामार्फत वापरतात तो लॉगिंग इंटरफेस) पूर्वी इन्स्टन्स लॉगरची शिफारस करायचं, नंतर त्यांनी ती सोडली आणि आता ते दोन्हींपैकी कुठलीच बाजू घेत नाहीत. आपलं ॲप्लिकेशन एकटंच चालतं, त्यामुळे इथे स्टॅटिकच कर.

पण त्याआधी लूपमधली डीबग पातळीचा लॉग लिहिणारी ओळ बघ. डीबग बंद असलं तरी अधिक चिन्हाने जोडलेली ती स्ट्रिंग दर फेरीला तयार होते. तिथे मेसेजमध्ये महिरपी कंसांची जोडी {} ठेव आणि व्हॅल्यू वेगळं आर्ग्युमेंट म्हणून दे, म्हणजे डीबग चालू असेल तरच स्ट्रिंग जोडली जाते. आर्ग्युमेंटमध्ये एखादी जड मेथड असेल तर तेवढ्याने भागणार नाही, ती तरीही चालते. तिथे आधी डीबग चालू आहे का ते तपास.

आधी ती ओळ बदल, मोजमाप घे. मग लॉगर स्टॅटिक कर आणि पुन्हा मोज. दोन्ही आकडे पाठव, दुपारी बसून बघू.

तुझा,
टीममधला जुना सहकारी