‘स्नीक’: चोरपावले आणि चोरटी नजर

प्रश्न: ‘स्नीक’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ माझ्याकडील शब्दकोशात ‘चोरपावलांनी जाणे’ असा दिला आहे, परंतु ‘शी स्नीक्ड अ लुक ॲट द लेटर’ या वाक्यात कोणी चालतच नाही. येथे अर्थ कसा लावावा? शिवाय भूतकाळी रूप ‘स्नीक्ड’ की ‘स्नक’?

उत्तर: तुमची अडचण ‘पावलांनी’ या शब्दाने केली आहे. ‘स्नीक’चा गाभा आहे तो कोणाची तरी नजर चुकवण्यात, मग नजर चुकवून कोणी खोलीत शिरो, पत्र पाहो किंवा एखादी वस्तू लपवून आत नेवो, तिन्ही ठिकाणी हे क्रियापद चालते. म्हणून तुमच्या वाक्याचे मराठी ‘तिने पत्रावर चोरून नजर टाकली’ असे होईल. आपल्या ‘चोरखिसा’, ‘चोरवाट’, ‘चोरदरवाजा’ या शब्दांतही चोरी कोठे आहे? तेथे ‘चोर’ म्हणजे लपलेला, आणि हाच धागा ‘स्नीक’मध्ये आहे.

‘क्रीप’ आणि ‘टिपटो’ ही क्रियापदे याच्या जवळची असली, तरी सरसकट एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. बाळ नुकतेच झोपले आहे आणि ते जागे होऊ नये म्हणून आई चवड्यांवर चालत बाहेर पडते, तेव्हा ‘टिपटो’ योग्य. ती बाहेर गेल्याचे घरात कोणालाच कळू नये असा तिचा बेत असेल, तर मात्र ‘स्नीक आउट’. ‘क्रीप’मध्ये मुख्यतः संथ, दबकी हालचाल दिसते, आणि लपण्याचा हेतू नसला तरी ते चालते, भिंतीवर चढणारा वेल ‘क्रीप’ करतो, तो ‘स्नीक’ कधीच करणार नाही.

मराठी प्रतिशब्द निवडताना सोबतचे अव्यय अवश्य पाहावे, कारण ‘स्नीक इन’ला ‘गुपचूप शिरणे’, ‘स्नीक आउट’ला ‘सटकणे’ आणि ‘स्नीक अप ऑन’ला ‘चाहूल लागू न देता मागून गाठणे’ शोभते.

‘स्नीक्ड’ हे जुने, नियमित रूप. ‘स्नक’ १९व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी बोलीत दिसू लागले, दीर्घकाळ अशिष्ट मानले गेले आणि आज तेथे सर्रास वापरले जाते. औपचारिक लेखनात मी ‘स्नीक्ड’च सुचवेन.

एक वापर मात्र वेगळा लक्षात ठेवावा: ब्रिटिश शाळकरी बोलीत ‘स्नीक ऑन’ म्हणजे शिक्षकांकडे एखाद्याची चहाडी करणे, आणि तेथे ‘चोरून’ हा शब्द घालून वाक्याचा अर्थ लागणार नाही.