शिंगलच्या छपरावर एक डीलर ३० वर्षांची तर दुसरा ‘लाइफटाइम’ वॉरंटी देतोय. तुलना कशी करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या बेसा भागात घर बांधताय, वरच्या मजल्यावर साधारण १,४०० चौरस फुटांचं उतरतं छप्पर आहे, त्यावर आयात केलेले डांबरी शिंगल, म्हणजे एकावर एक चढवून खिळवायच्या डांबराच्या पातळ पट्ट्या, लावायचे आहेत. एक डीलर ३० वर्षांची वॉरंटी देतो. दुसरा ‘लाइफटाइम’ म्हणतो आणि चौरस फुटामागे ३५ रुपये जास्त मागतो. जास्तीचे पैसे द्यावेत का?

मी बँकेच्या कर्जविभागात २६ वर्षं काढली. करार शेवटच्या पानाकडून वाचायचा, ही सवय तिथलीच. तरीही स्वतःच्या घराच्या वेळी, २०१६ साली, वॉरंटीचा कागद मी फक्त पहिल्या पानापर्यंत वाचला होता. त्याचं काय झालं ते पुढे सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

आधी ‘लाइफटाइम’ हा शब्द. हे आयुष्य शिंगलचं नसतं, घराचंही नसतं. बहुतेक अमेरिकी कंपन्यांच्या कागदात त्याचा अर्थ असतो: ज्यानं शिंगल लावून घेतले तो पहिला मालक त्या घराचा मालक असेपर्यंत. आणि तोही एका कुटुंबाचं स्वतंत्र घर असेल तर. सोसायटी, शाळा, मंगल कार्यालय असेल तर तीच वॉरंटी ठरावीक वर्षांवर येते. घर विकलं तर नव्या मालकाच्या नावावर ती बहुधा एकदाच, ठरावीक दिवसांत कळवलं तरच चढते. माझ्या नणंदेनं २०२१ मध्ये अमरावती रोडकडे असा शिंगलचा बंगला विकत घेतला. विक्रीपत्र, सातबारा, कर पावत्या सगळं नीट पाहिलं, पण वॉरंटी नावावर करायची असते हे कोणालाच सुचलं नाही. दोन वर्षांनी चौकशी केली तेव्हा मुदत केव्हाच निघून गेली होती. तुम्ही घर मुलाच्या नावे करणार असाल तर हे कलम आजच वाचा.

आता पैशांचं. वॉरंटी किती वर्षांची, यापेक्षा त्यातली पहिली किती वर्षं पूर्ण भरपाईची, हे पाहायचं. चांगल्या शिंगलवर ही पूर्ण भरपाईची वर्षं बहुधा १० असतात. तेवढ्या काळात मालात दोष निघाला तर नवा माल आणि लावण्याची मजुरी मिळते, पण जुने शिंगल उखडून फेकण्याचा खर्च मूळ वॉरंटीत सहसा नसतो. १० वर्षांनंतर भरपाई दर महिन्याला घटत जाते आणि मजुरी पूर्णपणे तुमच्या अंगावर येते.

तुमच्याच छपराचा हिशेब मांडू. समजा ३० वर्षांच्या शिंगलचा माल १,८०,००० रुपयांना पडतो. लाइफटाइमवाला १,४०० फुटांना ३५ रुपये जास्त, म्हणजे ४९,००० वाढून २,२९,००० होतो. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर दोष निघाला, आणि पहिल्याची घट ३० वर्षांवर, दुसऱ्याची ५० वर्षांवर मोजायची असं कागदात असलं, तर पहिल्यात ३० पैकी उरलेल्या १२ वर्षांचे ७२,००० हाती येतील आणि दुसऱ्यात ५० पैकी उरलेल्या ३२ वर्षांचे सुमारे १,४६,५००. फरक ७४,५०० रुपयांचा. हे ४९,००० तुम्ही आज साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले आणि व्याज दरवर्षी मुद्दलात जात राहिलं, तर व्याजावरचा कर सोडून अठरा वर्षांत दीड लाखांच्या वर जातात. ती ठेव मिळायला मालात दोषही निघावा लागत नाही. म्हणून नुसत्या ‘लाइफटाइम’ या शब्दासाठी मी जास्तीचे पैसे देणार नाही. तो शिंगल जाड असेल, दुपदरी असेल, त्याच्या मागच्या डिंकाची पट्टी रुंद असेल, तर मालासाठी द्या. वॉरंटीसाठी नको.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि डीलर तिच्याविषयी स्वतःहून बोलत नाहीत. वॉरंटी कोणत्या देशात चालते? अनेक अमेरिकी कंपन्यांच्या मूळ कागदात स्पष्ट लिहिलेलं असतं की माल अमेरिका किंवा कॅनडात लावला असेल तरच ती लागू आहे. आपल्याकडे डीलर तोच चकचकीत कागद छापून देतो. अशा वेळी नागपुरात तुमच्या हातात उरतं ते फक्त भारतातल्या आयातदाराचं वचन. म्हणून दोन्ही डीलरना एकच प्रश्न लेखी विचारा: दावा करायचा झाला तर भारतात कोणती कंपनी उत्तर देणार, तिचा पत्ता काय, आणि मूळ उत्पादक भारतातली वॉरंटी मान्य करतो याचं पत्र आहे का? ईमेलवर उत्तर आलं तर जपून ठेवा. ‘मॅडम, आजवर कंप्लेंटच नाही आली’ हे उत्तर नव्हे.

आता माझी गोष्ट. आमचे शिंगल मार्च २०१६ मध्ये लागले. मे २०२० मध्ये मृगाच्या आधीचं ते नेहमीचं वादळ आलं, संध्याकाळी धूळ, मग जोराचा वारा, मग पाऊस, आणि पश्चिमेकडचे १४ शिंगल उचकटून खाली अंगणात पडले. वॉरंटी २५ वर्षांची होती, वाऱ्याचं कलमही होतं. मी निश्चिंत होते. वितरकाचा माणूस आला, शिडी लावून वर गेला, उरलेले शिंगल हळूच उचलून फोटो काढले आणि म्हणाला, खिळे पट्टीच्या वर मारलेत. शिंगलवर खिळा मारायची एक अरुंद पट्टी आखलेली असते. खिळा तिथे बसला तर खालच्या शिंगलचा वरचा काठही त्यात धरला जातो. त्याच्या वर मारला की एकच थर धरला जातो आणि वारा खालून शिरतो. दोष मालाचा नाही, लावण्याचा, म्हणून दावा नामंजूर. आणि खरं सांगते, त्याचं म्हणणं कागदाप्रमाणे बरोबर होतं. ज्या ठेकेदारानं लावले त्यानं ‘पाच वर्षं माझी गॅरंटी’ असं तोंडी सांगितलं होतं. तोवर तो नागपूर सोडून गेला होता. दुरुस्तीचे १८,००० आमच्या खिशातून गेले.

म्हणजे वॉरंट्या दोन असतात, मालाची आणि कामाची, आणि घरात पाणी येतं ते बहुतेक वेळा कामातल्या चुकीनं. धूराच्या चिमणीभोवती, भिंतीला छप्पर टेकतं तिथे, दोन उतार मिळतात त्या पन्हळीत. कामाची लेखी वॉरंटी देणारा ठेकेदार, तीही किमान पाच वर्षांची, स्टॅम्पपेपरवर, हा मला ‘लाइफटाइम’ शब्दापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. त्यात एवढं तरी लिहून घ्या: गळती कळवल्यापासून किती दिवसांत तो येणार, बांबू बांधण्याचा खर्च कोणाचा, आणि प्रत्येक शिंगलला किती खिळे. नेहमीचा आकडा ४, जोराच्या वाऱ्याच्या भागात ६. मी नागपुरातही ६ मागेन. भारतीय मानकानं (आयएस ८७५, भाग ३) नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी साधारण १५८ किलोमीटर. शिंगलच्या कागदात वारा मैलांत असतो: ११० मैल म्हणजे १७७ किलोमीटर, १३० मैल म्हणजे २०९. यातला मोठा आकडा पुष्कळदा ६ खिळे मारले तरच मिळतो. शिवाय वाऱ्याच्या वॉरंटीची मुदत वेगळी असते, अनेकदा १५ वर्षं किंवा त्याहून कमी, मग वर ‘लाइफटाइम’ का लिहिलेलं असेना.

आपल्या उन्हाचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. मे महिन्यात ४५ अंशांवर पारा गेला की डांबर खालून आणि वरून दोन्हीकडून भाजतं. म्हणूनच जवळपास प्रत्येक कागदात छपराखाली हवा खेळती हवी अशी अट असते. खाली वळचणीला हवा आत यायला जागा आणि वर माथ्याला बाहेर जायला जागा. नेहमीचं प्रमाण म्हणजे पोटमाळ्याच्या १५० चौरस फुटांमागे १ चौरस फूट मोकळी जाळी, आणि वरखाली नीट वाटणी केली असेल तर ३०० ला १. आपल्याकडे प्लायखाली पीओपी ठोकून सगळं बंद करतात. तसं केलं की शिंगल वाकले, फोड आले, तर कंपनी हात वर करते, किंवा मुदतच कमी करून टाकते. तुमच्या आर्किटेक्टला हे आजच सांगा, पीओपी झाल्यावर काही करता येत नाही.

तुमचं छप्पर ढाळाच्या स्लॅबचं आहे की लोखंडी सांगाड्यावर प्लायचं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यानं फार फरक पडतो. बहुतेक वॉरंट्या खिळा धरणाऱ्या प्लायच्या पृष्ठभागासाठी लिहिलेल्या असतात. काँक्रीटवर चिकटवून लावायचे असतील तर कंपनीला ते मान्य आहे असं तिच्याकडून लेखी घ्या. उतारही मोजा: १२ फूट आडव्यात निदान ४ फूट चढ असेल तर शिंगलखाली पाणी अडवणाऱ्या कागदाचा एक थर पुरतो, २ ते ४ फुटांच्या दरम्यान खालचा थर दुहेरी लागतो, आणि २ फुटांखाली शिंगल लावूच नयेत.

गारांविषयी एकच सांगते. विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते हे आपल्याला ठाऊक आहे. ‘क्लास ४’ लिहिलेला शिंगल म्हणजे २ इंची पोलादी गोळा २० फुटांवरून पाडूनही न तडकलेला. माल म्हणून चांगलाच. पण गारांचं नुकसान वॉरंटीत बहुधा वगळलेलं असतं. ते काम घराच्या विम्याचं. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी आहे, त्यात वादळ आणि पूर येतात. गारांबद्दल कंपनीकडून लेखी खात्री करून घ्या.

माकडांनी उड्या मारून फाडलेले शिंगल, कूलरचं स्टँड किंवा डिशची छत्री ठोकताना पडलेली भोकं, सोलर पॅनेलच्या पायांची भोकं, रंग फिका पडणं, आत भिजलेलं फर्निचर, यांतलं काहीही वॉरंटीत नसतं. सोलर घ्यायचं असेल तर पॅनेलच्या जागा शिंगल लावतानाच ठरवा आणि पाय त्याच ठेकेदाराकडून बसवून घ्या.

बिल पक्कं घ्या. जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर माल घेतला तर दावा करताना तुम्ही ग्राहक आहात हेच सिद्ध करणं अवघड जाईल. बिलावर मालाचं पूर्ण नाव, रंग आणि लॉट नंबर लिहून घ्या. लॉट नंबर गठ्ठ्याच्या वेष्टनावर असतो, मजूर ते पहिल्याच दिवशी जाळून टाकतात. आमचंही तेच झालं होतं. रोज संध्याकाळी फोटो काढा, विशेषतः खिळे झाकले जाण्याआधीचे. ऑनलाइन नोंदणी असेल तर मुदतीत करा. पुढे काही बिघडलं तर आधी फोटो आणि लेखी कळवणं, मग दुरुस्ती. पाहणीआधी दुरुस्ती केली की दावा संपला. पाणी घरात येत असेल तर वर ताडपत्री टाका, पण शिंगलला हात लावू नका.

आणि डीलर मुंबईचा असला तरी घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नागपूरच्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. तुम्ही मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करावी लागते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा. मी २०२० मध्ये यातलं काही केलं नाही, कारण ठेकेदाराचं वचन सिद्ध करायला माझ्याकडे एक ओळही लिहिलेली नव्हती.

तुमच्या जागी मी असते तर ३० वर्षांचा शिंगल घेतला असता, आयातदाराचं पत्र असेल तरच, आणि वाचलेल्या ४९,००० मधून सहा खिळ्यांची मजुरी, माथ्याची जाळी आणि पन्हळीतला पत्रा चांगल्या प्रतीचा घेतला असता. काम मात्र पाऊस येण्याच्या बरंच आधी, मार्च-एप्रिलमध्ये उरकून घ्या. शिंगलची डिंकाची पट्टी उन्हानंच चिकटते, आणि ती चिकटल्याशिवाय वाऱ्याची वॉरंटी बहुतेक कंपन्या सुरू झाली असं मानत नाहीत.