आरसिंकची आवृत्ती एकाच सर्व्हरवर बदलली तर?

प्रश्न : आमच्या फाउंड्रीचा सर्व्हर शाहूपुरीतल्या ऑफिसात आहे. महापुराच्या धास्तीने दुसरी प्रत गोकुळ शिरगावच्या मशीनवर ठेवतो; तेच मशीन रात्री एसएसएचवरून (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी) आरसिंक हा फाइलींची प्रत जुळवून ठेवणारा प्रोग्राम चालवून फाइली ओढून घेते. दोन्हीकडे आरसिंकची 3.1.3 आवृत्ती आहे. फक्त गोकुळ शिरगावला 3.4.1 टाकले तर चालेल का? चाचणीत ‘पॅटर्न ड्रॉइंग’सारखे, नावात मोकळी जागा असलेले फोल्डर सापडत नाहीत आणि एरर कोड 23 (काही फाइली आल्या नाहीत) येतो.

– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चालेल. जोडणी होताना दोन्ही बाजू आपापला प्रोटोकॉल (संवादाच्या नियमांचा क्रमांक) सांगतात आणि जुना असेल तो वापरतात. तुमच्याकडे 3.4.1 चा 32 आणि 3.1.3 चा 31 समोरासमोर येतील, काम 31 वर होईल. स्क्रिप्टमध्ये (कमांड लिहिलेली फाइल) झेडएसटीडी या पद्धतीच्या कॉम्प्रेशनची सक्ती मात्र करू नका, ते 3.2.0 पासून आले, ऑफिसच्या 3.1.3 ला ते कळत नाही.

कोड 23 चे मूळ स्क्रिप्टमध्ये असणार. पूर्वी समोरच्या सर्व्हरचा शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) मोकळ्या जागेवर नाव तोडायचा, म्हणून अवतरणात असूनही आत मोकळ्या जागेआधी बॅकस्लॅश (\) द्यावा लागे. 3.2.4 पासून आरसिंक स्वतःच ती काळजी घेते. तुमचा जुना बॅकस्लॅश आता नावाचाच भाग धरला जातो आणि तसे फोल्डर तिथे नसते. बॅकस्लॅश काढा, साधे अवतरण पुरे. स्क्रिप्ट बऱ्याच असतील तर तूर्त जुनी पद्धत चालू ठेवणारा ‘--ओल्ड-आर्ग्ज’ पर्याय लावा. हा बदल कमांड जिथून चालते तिथल्या आवृत्तीवर ठरतो, त्यामुळे ऑफिसच्या सर्व्हरला हात लावायची गरज नाही.

खरी भीती ‘--डिलीट’ची, म्हणजे स्रोतात नसलेल्या फाइली प्रतीतून खोडणाऱ्या पर्यायाची. स्रोताकडे वाचताना एरर आली तर आरसिंक खोडणे थांबवते. पण ऑफिसची डेटा डिस्क माउंटच (सिस्टिमला जोडली) झाली नसेल तर रिकामे फोल्डर दिसते, एरर येत नाही आणि प्रत साफ होते. म्हणून डिस्कवर एक खुणेची फाइल ठेवा. ती दिसली तरच स्क्रिप्ट पुढे जाऊ द्या. जोडीला ‘--मॅक्स-डिलीट’ने खोडायच्या फाइलींच्या संख्येवर मर्यादा घाला. आवृत्ती बदलल्यावर पहिली फेरी ‘--ड्राय-रन’ (काही न बदलता चाचणी) आणि ‘--आयटमाइझ-चेंजेस’ (बदलांची यादी) लावूनच करा आणि खोडण्याच्या ओळी एकेक वाचा.

ऑफिसच्या सर्व्हरवर 873 पोर्टवर आरसिंक डीमन (सतत चालू राहून जोडण्या घेणारी सेवा) उघडा असेल तर आधी तो बंद करा. जानेवारी 2025 मध्ये 3.4.0 ने सुरक्षेच्या सहा त्रुटी बुजवल्या, पाठोपाठ 3.4.1 आली. उबुंटू, डेबियन या लिनक्स प्रणाली अशा दुरुस्त्या जुन्या क्रमांकातच घालतात; तेव्हा नुसते 3.1.3 पाहून ठरवू नका, पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) तपासा.